फुसका बार : हाताने भरलेल्या काडतुसांची खानदेशी बाजू

जळगाव-धुळ्याकडची वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला एक वाक्य पाठ असते. ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ गाव बदलते, चोपडा, शिरपूर, अमळनेर, भुसावळ. संशयिताचे वय बदलते. कट्ट्याची पोलिसांनी लावलेली किंमत थोडी वरखाली होते. ‘दोन जिवंत काडतुसे’ मात्र जवळजवळ तशीच राहतात, कधी एक, कधी तीन. हे वाक्य इतक्या वेळा डोळ्यांखालून गेले की त्यातली विसंगती मला फार उशिरा दिसली. हत्यार बाळगणाऱ्याकडे हत्याराचे खाद्य इतके कमी का? आणि काडतुसाला ‘जिवंत’ म्हणायचे, तर मेलेले काडतूस कसे असते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठी भाषेने कधीच देऊन ठेवले आहे. बार फुसका निघाला, असे आपण निवडणुकीतल्या उमेदवारापासून नाटकाच्या तिसऱ्या अंकापर्यंत कशालाही म्हणतो. ‘ठासून भरणे’ हा प्रयोगही बंदुकीच्या नळीतून आलेला. बत्ती देणे, रंजक उडणे, बार भरणे : शेतात डुकरे हाकलणाऱ्या आणि किल्ल्यावर पहारा देणाऱ्या माणसांनी हे शब्द वापरून झिजवले. काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले, पण फुसका बार अस्सल इथला आहे. ज्या समाजाने बंदूक हाताने भरली, त्याला बार फुसका निघण्याचा अनुभव भरपूर असणारच.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार हातभरणीचाच होता. दारू ओता, चिंधी किंवा कागद कोंबा, गोळी वा छर्रे घाला, गजाने ठासा, कान्यावर रंजक ठेवा, तोडा लावा. सातपुड्याच्या भिल्लांकडे धनुष्यबाणाच्या जोडीला असल्या तोड्याच्या बंदुका होत्या. आउट्रमने १८२५ पासून भिल्लांचे पथक उभारायला घेतले, ज्याचे ठाणे धरणगावला होते, तेव्हा त्यांच्या हातात कंपनीची शिस्तशीर बंदूक आली. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात कंपनीच्या विरुद्ध उभा राहिला आणि अंबापाणीला लढाई झाली, तेव्हाही दारू कोरडी असणे ही लढवय्याची पहिली गरज होती. पावसात तोडा विझतो, रंजक भिजते. पण या जुन्या पद्धतीत एक उदारपणा होता, तो लक्षात घेण्यासारखा आहे. काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण, तशी ढिसाळ वस्तू. तिच्या मापात थोडी चूक झाली तर नेमबाजी बिघडते, धूर जास्त होतो, खांद्याला धक्का बसतो. नळी फुटायला सहसा त्याहून मोठा गाढवपणा लागतो. शेकडो वर्षे माणसे चिमटीने आणि अंदाजाने बार भरत राहिली ती या उदारपणाच्या जोरावर.

तो उदारपणा १८८६ च्या सुमारास संपला. फ्रान्समध्ये पॉल व्हिए याने धूर न करणारी दारू तयार केली; नोबेलची बॅलिस्टाइट १८८७ ची आणि इंग्रजांची कॉर्डाइट १८८९ ची. निलगिरीतल्या अरुवनकाडूचा कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यासाठीच उभा राहिला. ही नवी दारू स्फोटक कापसाच्या कुळातली आहे, आणि तिचा स्वभाव काळ्या दारूच्या अगदी उलट. काळी दारू कोंडली काय किंवा मोकळी ठेवली काय, जवळपास एकाच चालीने जळते. बिनधुराची दारू मोकळ्यावर ठेवून पेटवली तर नुसती फुरफुरते; कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब पुन्हा वाढतो. हा फेरा कुठे थांबवायचा, ते दाण्याचा आकार, त्यावरचा लेप, काडतुसातली मोकळी जागा आणि गोळीचे वजन यांचे गणित ठरवते. त्यातली एक गोष्ट हलली की बाकीचे सगळे गणित हलते.

आकड्यांवरून याची कल्पना येईल. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचावर तीसेक पौंड दाब असतो. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात क्षणभर जो दाब उठतो, त्याची मान्य कमाल मर्यादा ३५,००० पौंड आहे. म्हणजे टायरच्या हजारपट, आणि तोही तळहातापासून काही बोटांच्या अंतरावर. हे घडवणारी दारू असते अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. जळगावच्या सराफ बाजारातल्या जुन्या माणसाला सांगायचे तर चार गुंजांच्या आत. सोन्याच्या व्यवहारात अर्ध्या गुंजेची चूक झाली तर गिऱ्हाईक भांडते. इथे अर्ध्या गुंजेची चूक पोलादाशी होते.

काडतुसाचे अवयव चार. पितळेचे नळकांडे, बुडाशी बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडावर शिशाची, बहुधा तांब्याच्या मिश्रधातूने मढवलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी संपते. पितळ मागे उरते. पितळच सर्वांत महाग. त्यामुळे ते पुन्हा भरावे हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत नेमबाज हा उद्योग घरच्या बाकावर उघडपणे करतात. छापील तक्ते असतात, सोनाराच्या काट्यासारखे काटे असतात, तासाला शेकडो काडतुसे भरणारी यंत्रे असतात. आपल्याकडे शस्त्र कायद्याने (१९५९) काडतूस तयार करायला परवाना लागतो, आणि काडतुसाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व ते बनवायची यंत्रेही येतात. म्हणून हातभरणी इथे चोरवाटेनेच चालते. पण अपघात कसे होतात हे समजून घ्यायला परदेशी नेमबाजांचा अनुभव उपयोगी पडतो, कारण त्यांनी आपले फुटलेले पिस्तूल लपवले नाही. चांगली साधने आणि छापील तक्ते हाताशी असणाऱ्यांचे जर असे होते, तर डोंगराकाठच्या झोपडीत काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पहिला प्रकार खरा फुसका बार. घोडा पडतो, ‘टिक्’ एवढेच वाजते. टोपी मेलेली असते, किंवा खोल बसल्यामुळे तिच्यावर खिळ्याचा आघात पुरा होत नाही. टोपीत तेल मुरले तरी ती मरते. काडतुसे टिकावीत म्हणून त्यांना तेलाचा हात देणारी माणसे आहेत. ती स्वतःच्या हाताने आपली काडतुसे मारत असतात. या प्रकारात धोका कमी, मात्र एक पोटप्रकार वाईट आहे. टोपी धुमसत राहते आणि क्षणभराने, कधी त्याहून उशिरा, बार उडतो. तोपर्यंत माणसाने ‘काय झाले बघू’ म्हणून पिस्तूल स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे वळवलेले असते. प्रशिक्षित नेमबाज अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबतो. ज्याच्या मागे कोणी लागले आहे तो कुठून थांबणार?

दुसरा प्रकार सर्वांत फसवा. भरणारा एखाद्या काडतुसात दारू घालायलाच विसरतो, किंवा दारू ओलसर असते. टोपी मात्र चांगली. एकट्या टोपीचा जोर गोळीला पितळातून बाहेर ढकलण्यापुरता असतो, नळीतून पार करण्यापुरता नसतो. गोळी नळीत अडकून बसते. आवाज होतो, पण बोदा. धक्का बसतो, पण हलका. गर्दीत, कानठळ्या बसलेल्या असताना हा फरक कोणाला कळायचा? माणूस पुन्हा घोडा ओढतो. आता मागून पूर्ण ताकदीची गोळी येते आणि पुढे रस्ता बंद. नळीला सापाने उंदीर गिळल्यासारखा फुगवटा येतो, किंवा नळी उकलते. म्हणजे इजा करते ते दुसरे काडतूस, आणि ते निर्दोष असते. तपासणाऱ्याला हे माहीत नसेल तर दोष चांगल्या काडतुसावर जातो.

तिसरा प्रकार दुप्पट भरणीचा. तो का होतो, यामागे इतिहास आहे. अमेरिकन पोलिसांचे लाडके .३८ स्पेशल काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या मापाने आखलेले. काळी दारू जागा फार घेते, म्हणून नळकांडे ऐसपैस. पुढे त्याच नळकांड्यात बिनधुराची दारू जाऊ लागली. ती इतकी थोडी लागते की आतली बरीच जागा रिकामीच राहते. साहजिकच एकाच काडतुसात चुकून दोन मापे सहज मावतात, सांडत नाहीत, आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. भरताना दाराची कडी वाजली, कोणी हाक मारली, तेवढ्याने माप चुकते. असे काडतूस चक्राच्या पिस्तुलात उडाले की चक्राचा वरचा भाग आणि चौकटीची पट्टी उडून गेल्याची छायाचित्रे नेमबाजीच्या पुस्तकांत असतात. बघणाऱ्याला वाटते पिस्तूलच सदोष होते.

आणि यांच्याही पुढचा, खरोखर नाव न देण्याजोगा प्रकार म्हणजे दारूचीच अदलाबदल. जुन्या मापात नवी दारू घालणे. किंवा फटाक्याची दारू. दिवाळी अंकात हे लिहिताना सुतळी बॉम्बची आठवण होणारच, आणि फरक तिथेच कळतो. फटाक्याची दारू फोडण्यासाठी असते, पिस्तुलाची ढकलण्यासाठी. एक दार ठोसा मारून तोडते, दुसरी खांदा लावून उघडते. नळीला ठोसा चालत नाही.

याखेरीज किरकोळ वाटणारे दोष आहेत, ते फोडत नाहीत पण अडवतात. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचे सगळे यंत्र काडतुसाच्या धक्क्यावर चालते. बार हलका असेल तर वरचा सरक-भाग पुरता मागे जात नाही, रिकामे नळकांडे बाहेर फेकले न जाता फटीत उभे अडकते, पुढचे काडतूस येत नाही. एकदा उडालेले पितळ फुगलेले असते. ते पुन्हा मापात न आणता भरले तर घरात पुरते शिरत नाही. गोळी सैल बसवली तर भरताना आत दबते. आतली जागा जराशी कमी झाली तरी वर सांगितलेले दाबाचे गणित चढते. चक्राच्या पिस्तुलात टोपी केसभर वर राहिली तरी चक्र घासते. सैल गोळी धक्क्याने पुढे सरकली तर चक्र फिरतच नाही. लोक म्हणतात, चक्राचे पिस्तूल कधी अडकत नाही. कारखान्याच्या काडतुसांबद्दल म्हणत असतील तर बरेचसे खरे आहे.

*

पितळाबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट आपल्या पावसाची आहे.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेच्या एक ध्यानात आले. पावसाळ्यात हालचाली मंदावत, काडतुसे कोरड्या दिवसांपर्यंत ठेवून दिली जात, बऱ्याचदा तबेल्यांमध्ये. उघाडीत पेट्या फोडल्या की काही काडतुसांच्या पितळाला चिरा पडलेल्या. न वापरता, न आपटता. जणू ऋतूच पितळाला बाधला, म्हणून इंग्रजीत या रोगाला ऋतुभंगासारखे नाव पडले. याचा पुरता उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. दोषी होता घोड्याच्या मुतातून सुटणारा अमोनिया. पण एकटा अमोनिया नव्हे. काडतुसाचे नळकांडे पितळेच्या वाटीला ओढून ओढून लांब करून घडवतात. त्या ओढाताणीचा ताण धातूत कोंडून राहतो, सर्वांत जास्त मानेशी. दमट हवेतला अमोनिया या ताणलेल्या पितळाच्या कणांमधल्या शिवणी उसवतो. उपाय साधा निघाला : घडण झाल्यावर पितळ योग्य तापमानाला तापवून त्याचा ताण काढायचा. आजही कित्येक लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो तो या तापवण्याचा. नवख्याला तो जुनेपणा वाटतो. तो गुणवत्तेचा शिक्का आहे.

आता खानदेशातल्या घराचा विचार करा. गुरांचा गोठा घराला लागून, माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला कापडात बांधून ठेवलेला ऐवज. पावसाळ्यात अमोनिया आणि ओल, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. भुसावळचा पारा बाहेर सावलीतच पंचेचाळीसच्या पुढे जातो. बिनधुराची दारू उष्णतेने हळूहळू विघटते. तिला सांभाळणारे रसायन आत घातलेले असते, ते संपले की दारू स्वतःलाच खाऊ लागते. जुन्या टोप्यांचा आणखी एक वारसा आहे. पाऱ्याच्या टोप्या उडाल्या की पारा पितळात शिरून ते ठिसूळ करी, त्यामुळे ते पितळ पुन्हा भरण्याच्या लायकीचे उरत नसे. नंतरच्या क्लोरेटच्या टोप्या नळीत मिठासारखा क्षार ठेवत, तो पावसाळी हवेतले पाणी ओढून नळी गंजवी. लपवून ठेवलेले काडतूस बाहेरून चकचकीत दिसले तरी आतून कोणत्या अवस्थेत आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

वरणगावचा कारखाना हेच जाणून चालतो. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६४ मध्ये, भुसावळजवळ वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला. भुसावळचा कारखाना त्याआधीचा, १९४९ चा, दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिंपे करणारा. खडकीचा तर १८६९ चा. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित झाले. वरणगाव आणि खडकी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. पाटी बदलली, काम तेच. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त अशा पितळाच्या वाट्या, ओढणी, तापवणी, पुन्हा ओढणी. प्रत्येक टप्प्यावर मापे, वजने. प्रत्येक गटातली नमुन्याची काडतुसे उडवून दाब आणि वेग मोजणे. टोपी आणि मान पाण्याला बंद आहेत की नाहीत ते पाहणे. एका गटात दोष निघाला की अख्खा गट अडतो. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि वर्ष उमटवलेले असते. वरणगाव-भुसावळच्या कामगार वसाहतींतल्या कितीतरी कुटुंबांचे आयुष्य या काटेकोरपणावर गेले. त्यांच्याकडून काडतुसाचे कौतुक क्वचितच ऐकायला मिळते. तपासणीचे किस्से मात्र भरपूर.

*

सातपुडा चढून पलीकडे गेले की याच्या नेमके उलटे जग लागते. चोपड्याहून लासूर, सत्रासेन करत रस्ता उमर्टीकडे जातो. सीमेपलीकडचे उमर्टी मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात येते. तिथल्या शिकलगारांचा पिढीजात धंदा हत्यारांना धार लावण्याचा, घासून चमकवण्याचा. नावच त्यावरून पडलेले. तलवारी गेल्या, हातातली कला राहिली, आणि तिला गिऱ्हाईक मिळाले ते वाईट. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला; त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे मोठा छापा घालून भट्ट्या मोडल्या. सगळ्या समाजाला एकाच मापाने मोजण्याची आपली खोड इथेही दिसते. शेती, मजुरी करणारे आणि या धंद्याला कंटाळलेले लोकही त्याच वस्तीत राहतात.

मला इथे महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट : कट्टा कानशीने घडवता येतो, काडतूस येत नाही. घोडा, चाप, चौकट हे लोहारकामातले ओळखीचे आकार आहेत. टोपीतले रसायन, ओढलेले पितळ, मोजून मंदावलेली दारू ही कारखान्याची कामे. ‘एक कट्टा, दोन काडतुसे’ या बातमीतल्या विसंगतीचे उत्तर हे आहे. न्यायालयांच्या निकालपत्रांतून ‘८ एमएम केएफ’ किंवा ‘केएफ ७.६५’ अशी काडतुसांची नोंद पुन्हा पुन्हा येते; केएफ म्हणजे खडकीचा कारखाना. म्हणजे पिस्तूल बेवारस आणि काडतूस कुलीन. परवानाधारकाला वर्षाला ठरावीकच काडतुसे मिळतात, त्यातली काही वाट चुकतात. ती महाग आणि दुर्मिळ असतात, म्हणूनच रिकामी नळकांडी पुन्हा भरण्याचा मोह होतो.

आणि कुलीन काडतूसही या पिस्तुलात सुरक्षित नसते. ८ मिलिमीटरचे, म्हणजे .३१५ चे काडतूस मुळात रायफलचे. लष्करी .३०३ चे काडतूस सामान्यांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात शिकाऱ्यांसाठी जी वेगळी मापे रूढ झाली, त्यांतले हे एक. लांब, जाड, पोलादी नळीसाठी आखलेला त्याचा दाब आपण वीतभर कट्ट्याला सोसायला सांगतो, ज्याची नळी बहुधा दुसऱ्याच कामासाठी घडलेली असते. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात १८१३ पासून प्रत्येक नळी मुद्दाम जादा भरलेल्या काडतुसाने उडवून मगच शिक्का मारतात. कट्ट्याची पहिली चाचणी विकत घेणाऱ्याच्या मुठीत होते. कच्ची नळी आणि कच्चे काडतूस एकत्र आले की नेम कोणावर धरला होता याला फारसा अर्थ उरत नाही. मागची खीळ सुटली तर ती धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे, आणि बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली आहे.

*

या सगळ्याला देशभक्तीचीही एक बाजू आहे, आणि जळगावकराला ती टाळता येत नाही. ११ सप्टेंबर १९२९ ला भुसावळ स्थानकावर भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे दोन तरुण साथी बॉम्ब आणि पिस्तुलांसह पकडले गेले. ‘भुसावळ बॉम्ब खटला’ जळगावला चालला. लाहोर कटातले माफीचे साक्षीदार जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष यांना साक्षीसाठी जळगावला आणण्यात आले. फेब्रुवारी १९३० मध्ये माहौरांनी गुप्तपणे पोचवलेल्या पिस्तुलाने या दोघांवर न्यायालयाच्या आवारातच गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. मेले कोणीच नाही. पुढे जयगोपालची साक्ष लाहोरच्या खटल्यात राहिलीच, आणि फणींद्रनाथाला नोव्हेंबर १९३२ मध्ये बेतियाला बैकुंठ शुक्लांनी गाठले ते खुकरीने. पात्याला टोपी नसते, दारू नसते.

जळगावच्या त्या अपयशाचे खापर केवळ काडतुसांवर फोडणे बरोबर होणार नाही. पहाऱ्यातला कैदी, घाई, गर्दी, एवढ्यात कोणाचाही हात चुकेल. पण क्रांतिकारकांच्या काडतुसांची स्थिती ध्यानात घेतलीच पाहिजे. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे ऑगस्ट १९१४ मध्ये पळवली गेली, तसे घबाड पुन्हा लाभले नाही. पुढची पिढी एकेक काडतूस जमवत होती, जमिनीत पुरत होती, भिंतीत लपवत होती. सरावासाठी उडवायला काडतूस परवडत नसे, म्हणून साठ्यातली किती जिवंत आणि किती मेलेली, हे प्रसंगाच्या आधी कळायचा मार्गच नव्हता. पुण्यात २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळी झाडली. ती खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणाने अडली, असे सांगतात. दमदार काडतुसाची गोळी हातभर अंतरावर बटणाने अडते हे मला पचत नाही. जुन्या, अर्धमेल्या दारूची गोळी अडू शकते. हा माझा तर्क आहे, आणि वर सांगितलेले दाबाचे गणित हाच त्याचा आधार.

राहिला प्रश्न मेलेल्या काडतुसाचा. कायद्याच्या दृष्टीने ते इतके सहज मरत नाही. घोडा ओढला आणि बार उडाला नाही, तरी टोपीवर खिळ्याचा खळगा उमटतो. तो ज्या कट्ट्याचा, त्याच्याशी सूक्ष्मदर्शकाखाली जुळवता येतो. न उडालेल्या काडतुसावरचा एवढासा खळगा खुनाच्या प्रयत्नाचा पुरावा होऊ शकतो. शस्त्र कायद्याखाली बेकायदा शस्त्र बाळगल्याचा खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि पिस्तूल ‘चालू स्थितीत’ आहे का, हे तज्ज्ञाला उडवून पाहावे लागते. कलिन्यासारख्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जप्त कट्टा येतो तो लाखेच्या मोहरेने बंद करून. गावठी नळीची चाचणी घेताना तज्ज्ञ ती हातात धरण्याचे टाळतो. कट्टा चिमट्यात घट्ट बसवायचा, चापाला दोरी बांधायची, आडोशाला उभे राहायचे आणि मग दोरी ओढायची.